दूधवालीच्या घरचा कोरा चहा

बातमीच्या पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कुठे, केव्हा आणि का एवढं यायलाच हवं, असं मला नाशिकच्या दैनिकात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. त्या नियमानं ही हकिगत अशी: नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मखमलाबाद रस्त्याला राहणाऱ्या एका दूधवालीच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलानं दूध सोडलं. दही, ताक, तूप आणि मधही सोडला. अंडी-मटण घरात कधी शिजत नव्हतंच. तो मुलगा म्हणजे मी. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर या परिच्छेदात देता येत नाही. शेवटच्या परिच्छेदात ते येईल, अशीही खात्री नाही.

आईकडे दोन म्हशी आणि एक गाय होती. घरामागं पत्र्याचा गोठा. मी शाळेत असताना गोठ्यापलीकडं द्राक्षाचे मांडव होते. मी नोकरीला लागलो तोवर मांडव निघाले, प्लॉट पडले आणि त्यांच्यावर बंगले उभे राहिले. त्या नव्या कॉलनीतले लोक सकाळी सहाच्या सुमारास किटल्या आणि बरण्या घेऊन गोठ्याशी यायचे. आई त्यांच्यासमोर धार काढायची, समोर गाळायची, समोर मापायची आणि माप झाल्यावर थोडं वर घालायची. वडील मी कॉलेजात असताना गेले. पुढचं माझं शिक्षण आणि बहिणीचं लग्न त्या दुधावरच झालं. आईनं दुधात कधी पाण्याचा थेंब घातला नाही. हे ती स्वतः सांगायची नाही. लोक सांगायचे आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

सुरुवात एका लेखानं झाली. प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्या परदेशी लोकांविषयी वृत्तसंस्थेकडून आलेला तो मजकूर मला रविवारच्या पुरवणीसाठी मराठीत करायचा होता. पुरवणीच्या संपादकांनी विचारलं, आपल्याकडं असं कोणी राहून बघितलंय का? मी म्हटलं, आठवडाभर राहून बघतो आणि चौकट लिहून देतो. त्या रविवारी चौकटीच्या जागी जाहिरात आली. चौकट छापली गेली नाही. आठवडा मात्र सुरू झाला होता.

तो सुरू झाला वसुबारशीला. आमच्याकडं त्या दिवशी आई गहू खात नाही, दूध-तूप घेत नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी असते. गायीचं दूध ती त्या दिवशी काढतच नाही, वासराला मोकळं सोडते. गायीच्या दुधाला येणाऱ्या दोन घरांना तेवढ्या दिवशी रिकाम्या बरणीनं परत जावं लागे. “आज वासराचा दिवस हाय,” एवढंच ती म्हणायची. त्या वर्षी मी तिच्याबरोबर बाजरी-गवार जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा चहा पुढं केला.

“वसुबारस सरली आता,” ती म्हणाली.

“माझी नाही.”

“म्हंजे? तुझी काय रोजच वसुबारस?”

“आठवडाभर.”

तिनं माझा कप परत पातेल्यात ओतला. “पोट बिघडलं का? का हापिसात कोण काय बोललं?”

“नाही. बघतोय.”

“काय बघतोयस?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आठवडा संपला तेव्हाही नव्हतं, म्हणून मी आणखी एक आठवडा घेतला.

एक कारण सांगायला सोयीचं आहे. मी दहा वर्षांचा असताना म्हशीचं पारडू आठव्या दिवशी मेलं. म्हैस पान्हा सोडेना. आईनं पारडाचं कातडं काढवून घेतलं, त्यात पेंढा भरला, ते शिवलं आणि म्हशीपुढं उभं केलं. वरून मिठाचं पाणी लावलं. म्हैस ते चाटत राहिली आणि आई धार काढत राहिली. हे मी दोन-तीन जणांना कारण म्हणून सांगितलं. पण त्याच संध्याकाळी मी त्याच म्हशीचं दूध प्यायलो होतो आणि पुढची अठरा वर्षं रोज पीत होतो. तपासायला घेतलं की हे कारण टिकत नाही.

कारण नसलं तरी उद्दिष्टं होती. वृत्तसंस्थेच्या लांब कागदाच्या कोऱ्या बाजूला मी पाच लिहिली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. शहरात दहा ठिकाणी दह्याशिवाय मिसळ. शेंगदाणे, गूळ आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीवर ब्रह्मगिरीचा डोंगर. सिन्नरकडं हुरडा. तूप न घालता वळलेला बेसनाचा लाडू. पाचवं सगळ्यात लहान दिसत होतं: आईला ओळखू येणार नाही असा, दूध नसलेला चहा.

आमच्या कार्यालयातल्या मुद्रितशोधकांनी या यादीत फार रस घेतला. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, दर रविवारी मटण आणणारे, आणि दुसऱ्याच्या मजकुरातली चूक सापडली की चेहरा खुलणारे गृहस्थ.

“मध सोडलास?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“सोडला.”

“छान. आणि पायात काय आहे?”

पायात कातडी चप्पल होती. दुसऱ्या दिवशी मी कापडी बूट घालून आलो. ते त्यांनी वाकून पाहिले.

“बरं. तुमच्या गोठ्यातलं शेण कुठं जातं?”

“शेतकरी नेतात. खताला.”

“म्हणजे तू खातोस ती मेथी त्या खतावरची. मग मेथीचं काय?”

यावर मी एक दिवस मेथी खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ली. दोन्ही दिवशी आपण बरोबर करतोय की चूक, ते कळलं नाही. ते म्हणाले, “असं कर, तू मेथी सोड, मी कारलं सोडतो, दोघं काशीला जाऊन येऊ.” काशीला गेलेल्यानं आवडीची वस्तू तिथं सोडून यायची असते. कारलं त्यांना मुळातच आवडत नव्हतं.

मिसळीच्या मोहिमेत ते दहाही ठिकाणी बरोबर होते. चार ठिकाणी दही न मागता आलं. दोन ठिकाणी मालक स्वतः टेबलाशी आले. “दही नको? का, दवाखाना चालू हाय का?” एकानं विचारलं. “लागंल हां तिखट. मग माझं नाव नका सांगू.” लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पाहून त्यानं कौतुकानं आणखी एक वाटी रस्सा आणून दिला. न मागता आलेलं दही चारही वेळा मुद्रितशोधकांनी खाल्लं. “तुझी तत्त्वं मला मानवली,” ते म्हणाले.

ब्रह्मगिरीवर शेंगदाणे आणि गूळ पुरले. नागलीची भाकरी वाऱ्यानं वाळून पापडासारखी मोडत होती, पण भूक इतकी होती की तुकडेही वेचून खाल्ले. वर पोचल्यावर मुद्रितशोधकांनी त्र्यंबकहून आणलेला पेढा माझ्या हातावर ठेवला.

“प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं.”

“दुधाचा आहे.”

“प्रसाद आहे,” त्यांनी पुन्हा सांगितलं.

मी पेढा हातात धरून उभा राहिलो. काय करावं, याचा विचार बराच वेळ चालला असावा, कारण तेवढ्यात माकडानं येऊन तो नेला. प्रश्न मिटला, पण माझा निर्णय काय झाला असता ते मला आजही माहीत नाही.

लाडू वळले नाहीत. तेलात भाजलेलं बेसन आम्ही कार्यालयात चमच्यानं खाल्लं. हुरड्याच्या दिवशी मात्र सिन्नरजवळच्या एका शेतात, आगटीभोवती बसून, गरम कणसं तळहातावर चोळताना आणि लसणाच्या चटणीबरोबर खाताना, आपण काही सोडलं आहे हे संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. यादीतला तेवढाच एक दिवस असा गेला.

पाचवं उद्दिष्ट घरातच अडलं. नारळाच्या दुधाचा चहा फाटला. सोयाबीनच्या दुधाचा वास गोठ्यापर्यंत गेला. मग शेंगदाणे: रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, फडक्यातून गाळायचे. पहिल्या वेळी आईनं कप तोंडाला लावलाच नाही. “शेंगदाणे,” ती लांबूनच म्हणाली. पुढच्या वेळी म्हणाली, “सालं काढली नाय तू.” त्यानंतर, “उकळू नाय दिलंस, कच्चं लागतंय.” असे तीसेक प्रयत्न झाले असतील. शेवटी एकदा ती अर्धा कप प्यायली आणि तिनं तो खाली ठेवला. “दूध नाय हे,” ती म्हणाली. “चहा हाय पण.” मी यादीवर अर्धी खूण केली.

होळीच्या आसपासच्या एका रविवारी सकाळी बाई आल्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. कॉलनीतला पहिला बंगला त्यांचा आणि आईचं पहिलं गिऱ्हाईकही त्याच. त्यांनी सांगितलं म्हणून बाकीची घरं आली होती. नातवाच्या मुंजीचं आमंत्रण घेऊन त्या आल्या होत्या. आईनं तीन कप चहा आणला, दोन दुधाचे आणि माझा कोरा.

बाईंनी माझ्या कपाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ताई, कोणी गेलं का?”

आमच्या भागात मयताच्या घरी कोरा चहा करतात. त्यामुळं प्रश्न बरोबर होता.

“नाय नाय, बाई,” आई घाईनं म्हणाली. “ह्याचा तसलाच असतो.”

“तसलाच म्हणजे?”

“दूध घेत नाय तो.”

“दूधवालीचा मुलगा?” बाई माझ्याकडं वळल्या. “कधीपासून?”

“चार-पाच महिने झाले.”

बाईंनी आपला अर्धा कप खाली ठेवला. “तुम्ही पेपरात आहात ना?”

“हो.”

पुढं त्यांनी काही विचारलं नाही. आमंत्रण देऊन त्या गेल्या. कप तसाच राहिला. माझं कामच प्रश्न विचारण्याचं असूनही त्यांचा शेवटचा प्रश्न मला तेव्हा कळला नाही.

तो आठ दिवसांनी कळला. तीन घरं यायची बंद झाली, मग आणखी पाच. धुण्याभांड्याला जाणाऱ्या एका बाईनं आईला कारण सांगितलं. म्हशींना पान्हा सुटायचं इंजेक्शन देतात, अशा बातम्या तेव्हा पेपरांत येत होत्या. आमच्याही पेपरात आली होती. तिचा मथळा मीच दिला होता. बातमीत आमच्या भागाचा उल्लेख नव्हता. पण कॉलनीनं दोन गोष्टी जोडल्या: पोरगा पेपरात आहे, म्हणजे त्याला आतलं माहीत आहे, आणि तो घरचं दूध पीत नाही. दूध समोर काढलं, समोर गाळलं, तरी म्हशीला आधी काय टोचलं ते कोणाला दिसणार? त्यांचा तर्क माझ्यापेक्षा पक्का होता. त्यांच्याकडं निदान कारण होतं.

“एक घोट घे त्यांच्यासमोर,” आई म्हणाली. “विषय संपंल.”

“मी त्यांना खरं काय ते सांगतो.”

“काय हाय खरं?”

मी बूट घालायला लागलो.

“मला तरी सांग आधी,” ती म्हणाली आणि वैरण टाकायला गेली.

मी बाईंच्या घरी गेलो. परदेशी लोकांचा लेख, न छापलेली चौकट, एका आठवड्याचे झालेले पाच महिने, सगळं क्रमानं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे ठोस कारण नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मग लोकांनी काय समजायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आयोडीनची बाटली आणि दुधाची घनता पाहायची काचेची नळी घेऊन गोठ्याशी आल्या. सहा-सात गिऱ्हाइकांसमोर त्यांनी नळी दुधात सोडली, आकडा वाचला, मग वाटीत दूध घेऊन आयोडीनचा थेंब टाकला. पिठाची भेसळ असती तर दूध निळं झालं असतं. झालं नाही. “शुद्ध आहे,” त्यांनी जाहीर केलं. मग नळी पुसत म्हणाल्या, “इंजेक्शन असलं तर ते यात कळत नाही.” हेही खरंच होतं. त्यांनी एकही वाक्य चुकीचं उच्चारलं नव्हतं. आई हातात माप धरून उभी होती. ते तिनं रिकाम्या बादलीत ठेवलं, त्याचा आवाज मोठा झाला.

सव्वीस घरांची अकरा झाली. उरलेल्या दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप होत गेलं. घरात तूप खाणारी ती एकटी. स्वयंपाकघराच्या फळीवर तुपाच्या बरण्यांची रांग वाढत होती. धाकटी म्हैस विकायची वेळ येईल, असं ती एकदा म्हणाली. मग म्हणाली, “म्हैस गेली तर गेली. माझ्या हाताला नाव ठेवलं लोकांनी.”

मी म्हटलं, “मी उद्या पितो. गोठ्याशी उभा राहून.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. हे मी आधी म्हणायला हवं होतं, असं त्या पाहण्यात असावं. “आता नको,” ती म्हणाली. “आता पिलास तर म्हणतील, आईनं धरून पाजलं.”

दोन दिवसांनी सकाळी मी दाढी करत होतो. गोठ्याशी कोणीतरी पुन्हा तोच विषय काढला. आईचा आवाज खिडकीतून आला.

“त्यानं धरलंय. वसुबारशीला धरलंय, वर्षाचं.”

“अगं बाई! कशासाठी?”

“ते सांगायचं नसतं.”

दाढी अर्धी ठेवून मी बाहेर आलो. आईनं माझ्याकडं पाहिलंही नाही, ती माप भरत होती.

पंधरा दिवसांत नऊ घरं परत आली. कारण नाही, असं मी सांगत होतो तोवर संशय होता. कारण सांगायचं नसतं, असं तिनं सांगितल्यावर लोक माझ्याशी आदरानं बोलायला लागले. मी दोन्ही वेळी तोच कोरा चहा पीत होतो. एका गिऱ्हाइकानं लग्नासाठी धरलंय का विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ओझरच्या एका मुलीची माहिती दिली. मुद्रितशोधक खूश झाले. “आधी तू नुसता विक्षिप्त होतास,” ते म्हणाले, “आता व्रतस्थ झालास. बढती आहे ही.”

पण व्रत म्हटलं की ते सुटायचा दिवस येतो. बाईंनी आईला त्याची आठवण करून दिली. वसुबारशीला धरलेलं वर्षानं दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचं, दूध पिऊनच सोडायचं. “आम्ही सगळे येऊ,” त्या म्हणाल्या. त्या स्वतः अजून पाकिटातलं दूध घेत होत्या, आणि त्यांच्याकडं पाहून आणखी पाच घरं.

मधल्या पावसाळ्यात पुरवणीच्या कामासाठी मी सुरगाण्याकडं गेलो. नागलीच्या लावणीवर लिहायचं होतं. एका घरात म्हातारीनं चहा दिला. कोरा. दारात दोन गायी बांधलेल्या होत्या.

“दूध नाही घालत?” मीच विचारलं.

“ते वासराचं,” ती म्हणाली आणि चूल फुंकत राहिली. त्या घरात तो विषयच नव्हता. मी वहीत ते दोन शब्द लिहून घेतले, लेखात कुठं बसवावेत ते सुचलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं.

“मग त्यांना कोण काय इचारत नाय?”

“नाही.”

“मग तिकडंच बघ एखादी खोली.”

दिवाळी जवळ आली तसं मी ठरवलं. एक पेला, एकदा, तिच्यासाठी. मुद्रितशोधकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आधी छाप. शुद्धिपत्र दुसऱ्या दिवशी टाकता येतं.” मला ते पटलं असं म्हणता येत नाही. पण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. आईला मी सांगितलं, उद्या पितो. ती “बरं” म्हणाली. त्या दिवशी वसुबारस होती. आम्ही दोघं बाजरी-गवार जेवलो.

सकाळी अंगणात पंधरा-सोळा माणसं होती. बाई पुढं, खुर्चीवर. धार काढून झाली होती. आई स्वयंपाकघरातून झाकलेलं पातेलं घेऊन आली. “सोडायचं दूध आटवून द्यायचं असतं,” तिनं सगळ्यांना सांगितलं. असा नियम मी कधी ऐकला नव्हता. तिनं स्टीलचा पेला भरला. दूध दाट होतं, केशराचा रंग होता, जायफळाचा वास होता. पेला देताना ती माझ्याकडं नाही, बाईंकडं पाहत होती.

मी पहिला घोट घेतला. वर्षभरानंतरचं दूध म्हणून घेतला आणि तसाच गिळला. दुसऱ्या घोटाला थांबलो. जायफळाच्या मागून येणारी शेवटची चव मी तीसेक वेळा स्वतः तयार केली होती. फक्त इतकी चांगली कधी केली नव्हती. साल एकही नव्हतं. कच्चेपणा नव्हता.

“समदं संपव,” आई म्हणाली.

मी संपवलं. अंगणात दोघी-तिघींनी हात जोडले.

“ताई,” बाई म्हणाल्या, “आम्हालाही द्या की थोडं. प्रसाद म्हणून.”

आईचा हात झाकणावर होता. तो तिथंच राहिला. कॉलनी झाल्यापासून ती या लोकांसमोर दूध मापत होती, आणि समोर काढलेलं नाही असं काही तिनं त्यांच्या भांड्यात कधी घातलं नव्हतं. बाईंनी वाटी पुढं केली. आईनं झाकण काढलं आणि पळीभर वाढलं.

बाईंनी चव घेतली. डोळे मिटले. पुन्हा घेतली. “काय दाट आहे हो! आम्हाला रोज असं का नाही देत?”

“रोजचं आटवलेलं नसतं ना, बाई,” आई म्हणाली.

वाक्य खरं होतं. आयोडीनची बाटली त्या दिवशी बाईंनी आणली नव्हती. त्यांनी किटली मात्र आणली होती. ती पिशवीतून काढून त्यांनी पुढं केली आणि आईनं गोठ्यातलं दूध मापून त्यात ओतलं, थोडं वर घातलं.

सगळे गेल्यावर आईनं ते पातेलं दोनदा घासलं.

“केव्हा केलंस?” मी विचारलं.

“पहाटे.”

“मी प्यायलो असतो दूध.”

“माहीत हाय.”

“मग का केलंस?”

ती पातेलं पुसत राहिली. “तू सांगितलंस का मला, का ते?” मग ते पालथं घातलं. “आता चहा आत पीत जा. दार लावून.”

त्या दिवसापासून मी कोरा चहा दार लावून पितो. उघड्यावर पीत होतो तेव्हा लोकांना आमच्या घरात खोटं दिसत होतं. दार लावल्यावर सगळी घरं परत आली. धाकटी म्हैस राहिली. पाचव्या उद्दिष्टापुढं मी खूण करायला गेलो, पण ते कोणी पूर्ण केलं आणि कोणाला ओळखू आलं नाही, याचा मेळ बसेना, म्हणून अर्धी खूण तशीच ठेवली.

बाईंना त्या दुधाची गोडी लागली. पुढं दर वर्षी वसुबारशीच्या दुसऱ्या दिवशी त्या किटलीबरोबर एक वाटीही आणायच्या आणि आई आदल्या रात्री शेंगदाणे भिजवायची. यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. असं तिसरं वर्ष होतं. बाईंनी वाटी पुढं केली, आईनं पळी उचलली.

“ताई,” बाई म्हणाल्या, “शेंगदाणे कुठले वापरता तुम्ही?”

पळी वाटीवर थांबली. मी दारात होतो. अंगणात आणखी चार माणसं होती, त्यांचं लक्ष नव्हतं.

“बाजारातलेच, बाई,” आई म्हणाली.

“सालं फार नीट काढता,” बाई म्हणाल्या.

आईनं वाढलं. बाईंनी ते उभ्या-उभ्या संपवलं, वाटी पिशवीत ठेवली आणि रोजच्या दुधासाठी किटली पुढं केली. त्यांना कधीपासून माहीत होतं, हे मी आईला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. बाईंना विचारायला मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो.